पोपटरावच्या तीन स्प्रिंगा

निरवांगीत कुणाला अटॅक आला की लोक दोनच प्रश्न विचारतात. कुठं नेलं, आणि हृदयाच्या नळीत स्प्रिंगा किती टाकल्या. माणूस कसा आहे, हा प्रश्न तिसरा, आणि तोही चहा येईपर्यंत वेळ उरला तर. पहिल्या दोन उत्तरांवर दुखण्याची पत ठरते, आणि दुखण्याची ठरली की माणसाचीही ठरते.

दत्तोबाची पत ह्याच दोन उत्तरांनी घालवली.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी सातच्या सुमाराला तो उसाच्या ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला वाकला आणि छातीवर कुणीतरी पाय देऊन उभं राहिल्यासारखं झालं. डावा हात जड पडला, थंडीत बंडी घामानं भिजली. बायको दगडाबाई गवताचा भारा बांधत होती. तिनं नवऱ्याचं तोंड बघितलं, भारा तिथंच टाकला आणि रस्त्यावर जाऊन इंदापूरकडं निघालेल्या दुधाच्या टेम्पोपुढं आडवी उभी राहिली. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, दूध नासंल." ती म्हणाली, "नासू दे." झालं. दोन कॅन खाली उतरले आणि त्यांच्या जागी दत्तोबा चढला.

पाऊण तासात टेम्पो इंदापुरात हायवेलगतच्या छोट्या दवाखान्यापुढं उभा राहिला. डॉक्टर स्वरदा म्हणून तिशीतली बाई होती. तिनं छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, दत्तोबाला गोळ्या चावून खायला लावल्या आणि हातात इंजेक्शनची सुई घेऊन दगडाबाईला म्हणाली, "मावशी, हृदयाच्या नळीत रक्ताची गाठ अडकलीये. हे ती विरघळवायचं औषध आहे. लवकर आणलंत म्हणून ह्याचा उपयोग, उशीर झाला असता तर नुसतं बघत बसलो असतो." तासाभरात छातीवरचा पाय उतरला. दुसऱ्या दिवशी बारामतीला नेऊन मनगटातून तार घालून तपासलं, तर गाठ विरघळलेली, नळी वाहती. तिथले डॉक्टर म्हणाले, स्प्रिंग टाकायची गरज नाही, गोळ्यांवर भागेल. मात्र गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

चौथ्या दिवशी दत्तोबा एस्टीनं आला आणि फाट्यावरून स्वतःच्या पायांनी चालत घरी गेला. हीच त्याची चूक झाली. निदान त्याला तरी पुढं तसंच वाटायला लागलं.

पहिले दोन दिवस दारात माणूस मावेना. शहाळी आली, बिस्किटांचे पुडे आले. लोक खाटेजवळ टेकायचे आणि विचारायचे, "कुठं नेलं हुतं, पुण्याला?"

"न्हाय, इंदापूरला. मग बारामतीला."

"बरं. स्प्रिंगा किती?"

"एकबी न्हाय. इंजेक्शनवर भागलं."

एवढं ऐकलं की माणसाच्या तोंडावरची काळजी पान उलटावं तशी उलटायची. आणलेलं शहाळं परत न्यायचं का ठेवायचं, असा विचार काही जणांच्या डोळ्यांत दत्तोबानं स्वतः पाहिला. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या कट्ट्यावर कुणीतरी बोललं की दत्तोबाला अटॅक-बिटॅक काही नव्हता, गॅस होता. चौथ्या दिवशी सगळं गाव तेच म्हणत होतं. चहाच्या टपरीवर पोरं विचारायची, "तात्या, गॅस काय म्हणतोय?" मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला लोक ओवा खायचा सल्ला द्यायला लागले. दत्तोबाच्या अंगाचा तिळपापड होई, पण सांगणार कुणाला? पुरावा म्हणून दाखवायला छातीत काही घातलेलंच नव्हतं.

हेही त्यानं गिळलं असतं. पण फेब्रुवारीच्या शेवटाला पोपटरावला अटॅक आला.

पोपटराव म्हणजे दत्तोबाचा सख्खा चुलत भाऊ, तीन महिन्यांनी थोरला. घराला घर, बांधाला बांध. देवानं ही दोन माणसं शेजारी जन्माला घातली ती बहुधा गंमत बघायलाच. दत्तोबाच्या बोअरला तीनशे फुटांवर धूळ निघाली आणि बांधापलीकडं पोपटरावच्या बोअरला दोनशेवर पाणी. पोपटराव सोसायटीचा संचालक झाला, दत्तोबा दोन मतांनी पडला. पोपटरावचा यशराज पुण्यात मोठ्या कंपनीत लागला, दत्तोबाच्या ऋषिराजनं बारामतीजवळ जळोचीला टायरचं दुकान टाकलं. साठ वर्षं हे असंच चाललेलं. आता निदान अटॅकच्या बाबतीत तरी दत्तोबा पहिला होता, तर तिथंही पोपटरावनं मागून येऊन गाठलं, आणि नुसतं गाठलं नाही, पार धुरळा उडवून पुढं गेला.

एसी गाडीतून पुण्याला. काचेच्या खोलीत पाच दिवस. स्प्रिंगा तीन!

घरी आला तेव्हा मागं चार गाड्या होत्या. फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर पांढऱ्या शर्टातला, गॉगल घातलेला पोपटराव, आणि खाली मोठ्या अक्षरात "मृत्यूवर मात करून परतलेले आमचे मार्गदर्शक". त्याखाली शुभेच्छुकांचे एकवीस गोल फोटो. दत्तोबा रोज दूध घालायला त्या फ्लेक्सखालून जायचा आणि रोज मान खाली घालायचा, तरी तो फोटो त्याला दिसायचाच.

पोपटरावच्या अंगणात मांडववाल्याकडच्या खुर्च्या आल्या. संध्याकाळी तालुक्यातनं माणसं यायची. जाता जाता एखादा कुंपणावरून ओरडायचा, "तुमचं काय दत्तोबा, बरं हाय न्हवं आता पोट?"

पोट! दत्तोबा आत जाऊन खाटेवर पालथा पडायचा. मत्सर हा शब्द त्याला कीर्तनात ऐकून माहीत होता. पण तो असा घशाशी येतो, अन्न कडू करतो, हे साठी उलटल्यावर कळलं. भावाच्या दुखण्याचा हेवा करतोय आपण, हेही त्याला कळत होतं आणि कळून काही उपयोग होत नव्हता.

"अवो, त्यांच्या तीन स्प्रिंगा म्हंजे दुखणं मोठं. तुमचं लहान निघालं ह्यात वाईट काय?" दगडाबाई म्हणायची.

"तुला न्हाय कळायचं."

"मला कळतंय. तुमाला लाज वाटत न्हाय, एवढंच कळत न्हाय."

मार्चात तपासणीला इंदापूरला गेला तेव्हा त्यानं डॉक्टरीणबाईंना सरळच विचारलं. "बाई, मला बी एखादी टाका की स्प्रिंग. लहानशी."

स्वरदाबाईंनी चष्मा काढला. "काका, स्प्रिंग म्हणजे काय पदक आहे का? नळी तुंबलेली असती तर टाकली असती. तुमची वाहतेय. ह्या गोळ्या ती वाहती ठेवतायत." मग त्यांनी पाचही गोळ्या टेबलावर मांडून पुन्हा समजावल्या. ह्या दोन रक्त पातळ ठेवायच्या, गाठ होऊ नये म्हणून. ही चरबीची. ही नाडी शांत ठेवते, आणि ही प्रेशरची, हृदयाला ताण पडू देत नाही. शिवाय छातीत दुखलंच तर जिभेखाली धरायची ती वेगळी. "काय वाट्टेल ते विसरा, ह्या विसरू नका."

बाईंनी चांगल्यासाठी सांगितलं. पण दत्तोबाच्या डोक्यात ते भलत्याच पाटानं वाहत गेलं. नळी तुंबली तर स्प्रिंग. गोळ्या घेतल्या तर नळी तुंबत नाही. म्हणजे आडवं कोण येतंय? गोळ्या. एस्टी निमगावच्या पुढं जाईपर्यंत त्याचा हिशेब पक्का झाला होता. थोडे दिवस गोळ्या बंद ठेवायच्या, नळी जराशी तुंबू द्यायची, मग पुण्याला जाऊन दोन तरी टाकून घ्यायच्या. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं तर बैलच जीव होता.

अडचण एकच होती, दगडाबाई. ती सकाळ-रात्र स्वतः तळहातावर गोळ्या ठेवायची, हातात तांब्या द्यायची आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलायची नाही. पण दत्तोबानं चाळीस वर्षं तंबाखू खाल्ली होती. बार गालात धरून भाषण करावं, भांडण करावं, मयताला जाऊन रडावं, तरी समोरच्याला पत्ता लागू नये, ही विद्या त्याच्या अंगात मुरलेली. तो गोळ्या गालात सारायचा, पाणी प्यायचा, "आ" करून दाखवायचा, चार शब्द बोलायचा आणि गोठ्यामागं जाऊन त्या डबीत थुंकायचा. डबी तंबाखूचीच. अटॅकनंतर तंबाखू सुटली, डबी तेवढी खिशात राहिली होती.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी गवताचा भारा उचलताना त्याला छातीत आवळल्यासारखं झालं. तो बांधावर बसला. जिभेखालची गोळी कनवटीला होती, ती त्यानं काढली नाही. दोन मिनिटांत आवळ सुटली. आणि दत्तोबाला काय वाटलं असेल? भीती वाटली, ती वाटलीच. पण तिच्या आधी, क्षणभर, हुरूप आला. जमतंय, असं वाटलं.

त्याच दिवशी दुपारी पोपटरावनं हाक मारली. अंगणातल्या खुर्च्या मांडववाला मागेच घेऊन गेला होता. महिनाभरात भेटायला येणारी माणसं आटली होती, फ्लेक्सवर आता कुणाच्या तरी वाढदिवसाचा नवा फ्लेक्स चढला होता. पोपटराव पडवीत खुर्चीत बसला होता, मागं उशी, पाय स्टुलावर. शेजारी गोळ्यांचा डबा, खण पाडलेला. दत्तोबानं सवयीनं गोळ्या मोजल्या. अकरा. आपल्यापेक्षा सहा जास्त.

"बस दत्ता," पोपटराव म्हणाला. "तुला एक विचारायचं हाय. त्या दिवशी तू किती वेळात पोचलास इंदापूरला?"

"पाऊण तास. का?"

"मला इंजेक्शन न्हाय दिलं पुण्यात. म्हणले, लई उशीर झाला, आता त्याचा काय उपेग न्हाय."

"एसी गाडीतनं गेलास की."

पोपटराव हसला, आणि हसताना त्याला धाप लागली. ती बसेपर्यंत तो बांधाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सकाळी तू भारा उचलताना बगत हुतो. रोज बगतो. तू खोरं घिऊन जातोस, पाणी धरतोस, वाकतोस, उठतोस. दत्ता, मी संडासला जाऊन आलो तर अर्धा तास खाटेवर पडतो. माझा पंप पंचवीस टक्के चालतोय. डॉक्टर म्हणले, नळ्या झाल्या मोकळ्या, पर तवर मागचं मरून गेलंय. पाइपलाइन दुरुस्त झाली, आन् ऊस आदीच वाळला, तसं."

दत्तोबाला पहिल्यांदा काय झालं, तर आनंद. खोटं कशाला सांगा. साठ वर्षांत पोपटराव पहिल्यांदा त्याच्या मागं होता, आणि तेही स्वतःच्या तोंडानं सांगत होता. आतून उकळी फुटावी तसा तो आनंद वर आला. मग पोपटरावच्या पायांकडं त्याचं लक्ष गेलं. ते सुजले होते. अंगठ्यानं दाबावं तर खड्डा राहील असे.

"पुण्याला जायला उशीर झाला म्हणून?" दत्तोबानं विचारलं.

"पुणं मागनं. आदी घरीच दोन तास घालवलं." पोपटरावनं आवाज खाली आणला. आत त्याची बायको कुशाबाई भांडी लावत होती. "तुला गॅस झाला हुता म्हणून गावात कुणी सांगितलं, म्हाइती हाय?"

"सगळंच म्हणत हुतं."

"आदी मी म्हणलो. कट्ट्यावर."

दत्तोबानं मान वर केली.

"तुझ्या दारात माणूस मावत न्हवतं. मी हितनंच बगत हुतो. माझ्या पोटात दुखलं. मरणाच्या दारात जाऊन चार दिसात चालत आलास, आन् समदं गाव तुझं कवतिक करणार. मी म्हणलो, कशाचा अटॅक, गॅस हाय त्यो. लोकांना ते गोड लागलं." त्यानं दम घेतला. "मग माझ्या छातीत कळ आली. तशीच, तुझ्यावाणी. हात जड, घाम. कुशा म्हणली, दत्तोबा भावजींना झालं तेच हाय, चला इंदापूरला. मी म्हणलो, गप, गॅस हाय. दुसरं काय म्हणणार? तुझा गॅस आन् माझा अटॅक, असं कसं म्हणू? सोडा प्यालो. ओवा खाल्ला. सोसंना तवा यशराजला फोन केला. त्यो म्हणला, थेट पुण्याला या, मी बोलून ठेवतो."

"आन् इंदापूर?"

"इंदापुरावरनंच गेलो. हायवेला त्या बाईची पाटी दिसली मला. कुशा म्हणली, थांबवा. मी ड्रायव्हरला म्हणलो, चल. दत्ता ज्या दवाखान्यात दुधाच्या टेम्पोतनं गेला, तितं मी उतरू?" पोपटरावनं डोळे मिटले. "पाटी वाचली मी. गाडीतनं वाचली."

दत्तोबाच्या खिशात डबी होती. इतके दिवस तिचं वजन कधी जाणवलं नव्हतं. आता ती मांडीला टोचत होती. तो चुळबुळला, उठावं म्हणून हात टेकला, आणि डबी खिशातून घरंगळून फरशीवर पडली. झाकण उडालं. पोपटरावला आधी वाटलं, तंबाखू. मग त्यानं वाकून बघितलं. अर्ध्यामुर्ध्या विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, लाल-पांढऱ्या-पिवळ्या गोळ्या.

"हे काय?"

दत्तोबानं सांगितलं. सगळं सांगितलं; स्प्रिंगेचं, गालाचं, गोठ्यामागचं, सकाळच्या आवळण्याचंही. सांगताना त्याला स्वतःलाच ते दुसऱ्या कुणा येड्याचं बोलणं वाटत होतं.

पोपटराव ऐकून घेत होता. मग एकदम पुढं झुकला आणि दत्तोबाच्या थोबाडीत मारायला त्यानं हात उगारला. लहानपणी विहिरीवर मारायचा तसाच, खांद्यापासून. हात निम्म्यापर्यंत वर आला आणि तिथूनच खाली पडला, खुर्चीच्या हातावर. पोपटराव धापा टाकत त्या हाताकडं बघत राहिला. दत्तोबानं गाल मागं घेतला नव्हता.

"कुशे," थोड्या वेळानं पोपटराव म्हणाला, "ड्रायव्हरला बोलाव. आन् दगडाबाईला हाक मार."

"कुठं जायचं?"

"इंदापूरला."

दगडाबाई आली. डबी बघितली, नवऱ्याकडं बघितलं, आणि एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसली. ती बोलली असती तर दत्तोबाला बरं वाटलं असतं. एसी गाडीत बसायची दत्तोबाची ही पहिली वेळ. थंड वारा अंगावर येत होता आणि तो कुडकुडत होता.

दवाखान्याला चार पायऱ्या होत्या. दत्तोबा सवयीनं भराभर चढून गेला आणि दारात वळून बघतो, तर पोपटराव पहिल्याच पायरीवर, एक हात कठड्याला, एक कुशाबाईच्या खांद्याला. वर बघून तो म्हणाला, "जा की पुढं. बगतोस काय?"

दत्तोबा खाली उतरला आणि पोपटरावच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. चार पायऱ्यांना पाच मिनिटं लागली.

आत बाकावर निरवांगीचीच सारजाकाकू बसली होती, गुडघ्याचं दुखणं घेऊन. गावातली बातमी आधी तिच्याकडं यायची आणि मग सगळीकडं जायची. पोपटरावला बघताच ती उठून उभी राहिली. "अगं बया, पोपटराव! पुन्यांदा त्रास व्हतोय व्हय? आन् हे दत्तोबा बरूबर कशाला? ह्यांना काय, गॅसच की."

दगडाबाईनं तोंड उघडलं होतं, पण पोपटरावनं हात वर करून तिला थांबवलं. तो बाकावर बसला नाही. भिंतीला टेकून उभ्यानं, सगळ्या बाकांवरच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "काकू, आज मला न्हाय, दत्ताला दाखवायला आणलंय. जानेवारीत त्याला अटॅक आला हुता. खरा अटॅक. गॅसचं मी उठवलं हुतं, खोटं."

तीन महिने दत्तोबा हेच वाक्य ऐकायला झुरला होता. फ्लेक्सखालून जाताना, खाटेवर पालथं पडून, गोठ्यामागं गोळ्या थुंकताना, हेच. ते आता भरल्या दवाखान्यात, सारजाकाकूसमोर, पोपटरावच्या तोंडून निघालं. आणि दत्तोबाला त्यातले शब्द नीट ऐकूच आले नाहीत, कारण तेवढं बोलताना पोपटराव मध्ये तीनदा श्वास घ्यायला थांबला होता.